चार नंबरच्या झोनचं पाणी

लेकीच्या घरामागच्या हिरवळीवरून मे महिन्यात पहिल्यांदा चाललो, तेव्हा वाकून एक काडी उपटली आणि लगेच ओळखली. हरळी. आमच्या श्रीरामपूरकडे जिच्या काशा वेचता वेचता बायामाणसांच्या पाठी धरतात, तीच इथे डॅलसमध्ये बर्म्युडा ग्रास म्हणून विकत आणतात आणि पाणी घालून जपतात. माती उकरली, तीही ओळखीची निघाली. काळी, चिकट, ओली असली की बुटाला लगदा धरणारी, उन्हात हात जाईल एवढी भेगाळणारी. टेक्ससच्या या पट्ट्याला ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात. मृदाशास्त्रात ही माती आणि आपली दख्खनची काळी जमीन एकाच गटातल्या, व्हर्टिसॉल. घराच्या पायाशी माती आटली तर भिंतींना तडे जातात, म्हणून इथे लोक घराच्या कडेकडेनेही पाणी देतात.

मी पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी प्रवरा डाव्या कालव्यावर. भंडारदऱ्याचं पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यात येतं, तिथून चाऱ्यांमधून शेतात. कोणाचं बारं कधी, किती तास, हे ठरवण्यात माझी नोकरी गेली. त्यामुळे जावयाने गॅरेजच्या भिंतीवरचा फवाऱ्यांचा जुना कंट्रोलर दाखवून म्हटलं, “बाबा, हा काढून वायफायवाला बसवायचाय, बघता का?” तेव्हा मला ते काम परकं वाटलं नाही.

आधी ही व्यवस्था कशी चालते ते सांगतो. जमिनीखाली पाइप, त्यावर ठिकठिकाणी हिरव्या झाकणाच्या पेटीत व्हॉल्व्ह. एका व्हॉल्व्हवर जेवढे फवारे, तो एक झोन. आपल्या भाषेत एक चारी. व्हॉल्व्हच्या डोक्यावर तारेचं वेटोळं असतं. त्याला २४ व्होल्टचा एसी प्रवाह मिळाला की आतला छोटा दांडा वर उचलला जातो, रबरी पडदा सरकतो आणि पाणी सुटतं. प्रवाह थांबला की दार बंद. प्रत्येक झोनची एक तार आणि सगळ्यांना मिळून एक सामाईक तार, बहुतेक ठिकाणी पांढरी, अशा तारा कंट्रोलरपर्यंत येतात. कंट्रोलर म्हणजे पाटकरी. कोणतं दार केव्हा उघडायचं, एवढंच त्याचं काम.

जुन्या कंट्रोलरला घड्याळ तेवढं कळत होतं. बाहेर धो धो पाऊस पडत असतानाही पहाटे ठरल्या वेळी फवारे उडायचे. नवा कंट्रोलर इंटरनेटवरून हवामान घेतो, ऊन, वारा, आर्द्रता पाहून जमिनीतून आणि गवतातून किती पाणी उडालं याचा अंदाज बांधतो आणि तेवढंच परत देतो. पिकाला किती पाणी लागतं हे आम्ही कार्यालयात तक्ते घेऊन काढायचो, तेच गणित. आपोआप चालणाऱ्या दारांचंही मला अप्रूप नाही. विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली खडकवासल्याला पाण्याची पातळी वाढली की स्वतःहून उघडणारी दारं बसवली होती.

जुना काढण्याआधी मी तारांचे फोटो घेतले आणि प्रत्येक तारेला चिकटपट्टीवर आकडा लिहून लावला. हे न करता कोणीही तारा सोडू नयेत. सहा झोन होते, नव्याला जागा आठ. बसवायला वीस मिनिटं लागली. वायफायला मात्र दोन तास गेले, कारण ही यंत्रं बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्याच लहरी ऐकतात. घरातला राउटर एकाच नावाने २.४ आणि ५ दोन्ही देत होता, फोन ५ वर बसला होता आणि दोघांची गाठ पडत नव्हती. राउटरमध्ये ५ तात्पुरतं बंद केलं, तेव्हा जोडणी झाली.

मग ॲप प्रश्न विचारतं : माती कोणती, उतार किती, ऊन किती, फवारा कोणत्या जातीचा. इथे लोक घाई करतात आणि सगळं बिघडतं ते इथेच. मी नातीला घेऊन हिरवळीवर घरातल्या सारख्या मापाच्या स्टीलच्या वाट्या मांडल्या. एकेक झोन पंधरा मिनिटं चालवला आणि वाटीत पट्टी बुडवून पाणी मोजलं. पुढच्या अंगणातल्या स्थिर फवाऱ्यांनी ९ मिलिमीटर दिलं. मागच्या, गोल फिरणाऱ्या फवाऱ्यांनी तेवढ्याच वेळात ३. जावई आजवर दोन्हीकडे सारखीच मिनिटं लावत होता. म्हणजे एका बाजूला तिप्पट पाणी. मिनिटं म्हणजे पाणी नव्हे, हे मी कालव्यावर शेकडो वेळा सांगितलं असेल. विसर्ग माहीत नसेल तर तासांना अर्थ नाही.

शिवाय काळी माती पाणी सावकाश पिते. सातव्या मिनिटाला पुढच्या अंगणातलं पाणी फुटपाथवरून रस्त्याला लागलं. म्हणून पाच मिनिटं पाणी, चाळीस मिनिटं विसावा, असे तीन फेरे लावले. डॅलसमध्ये २०१२ पासून स्प्रिंकलरला आठवड्यातून जास्तीत जास्त दोनच दिवस मुभा आहे आणि एप्रिल ते ऑक्टोबर सकाळी १० ते संध्याकाळी ६ बंदी. वार कोणता, हे घर क्रमांक सम की विषम यावर ठरतं. हे वाचून मला आमची शेजपाळी आठवली. पाण्याची वाटणी असेल तिथे वार लागतातच.

पहिल्या पाळीला पहाटे चारला मी बाहेर जाऊन उभा राहिलो. एक, दोन, तीन झोन झाले. चौथा शेजाऱ्याच्या कुंपणालगतचा, अगदी शेवटचा पट्टा. ॲपमध्ये निळा थेंब हलत होता, ‘झोन ४ सुरू’ असं लिहून येत होतं, मिनिटं उतरत होती. जमीन मात्र कोरडी. त्या थेंबाकडे पाहताना मला टेलचा, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाचा, शेतकरी आठवला. नोंदवहीत पाणी सोडलेलं असतं, पाणीमागणीचा सात नंबर फॉर्म भरलेला असतो आणि त्याच्या उसाच्या सरीत ओल नसते. तो रात्री कंदील घेऊन चौकीवर यायचा. त्याला वही दाखवून परत पाठवणं हा मोठा अन्याय असतो.

कंपनीच्या मदत केंद्राला लिहिलं. अर्ध्या तासाने उत्तर आलं : यंत्र बंद करून चालू करा. केलं. मग म्हणाले, मूळ स्थितीला न्या. सांगितल्याप्रमाणे केलं आणि वाट्यांनी मोजून भरलेली सगळी माहिती पुसली गेली. तसं होईल हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. चौथा झोन कोरडाच. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाने, आधीचं काही न वाचता, पुन्हा तेच सांगितलं. मी नकार दिला, तर व्हॉल्व्ह खराब असेल, कारागीर बोलवा, असं लिहून त्याने तक्रार बंद केली. मला राग आला तो या बंद करण्याचा. कोरड्या जमिनीची तक्रार पाणी पोचेपर्यंत बंद होऊ शकत नाही.

तोवर मी मल्टिमीटर लावून पाहिलं होतं. सामाईक तार आणि चौथ्या झोनची तार यांच्यात २७ ओहम. बाकीच्या झोनना २६ ते २९. म्हणजे तार शाबूत, वेटोळंही शाबूत. पण झोन सुरू असताना तिसऱ्या टर्मिनलला २६ व्होल्ट दिसत होते आणि चौथ्याला शून्य. दार धड होतं, पाटकऱ्याचा हात तिथवर पोचत नव्हता.

तिसऱ्या दिवशी फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती. तिने पहिलाच प्रश्न विचारला, “सर, तुम्ही आतापर्यंत काय काय करून पाहिलंत?” मी आकडे वाचून दाखवले. ती मध्ये बोलली नाही. मग म्हणाली, “चौथी तार काढून रिकाम्या सातव्या टर्मिनलला लावा आणि ॲपमधून सात सुरू करा.” लावली. नात कुंपणाकडून ओरडली, “आबा, आलं!” फोनवरच्या मुलीलाही ते ऐकू गेलं असावं. ती म्हणाली, “टर्मिनल खराब आहे, नवीन यंत्र पाठवते. तोपर्यंत सातवर चालू द्या.” अनुक्रमांकाचा आणि पावतीचा फोटो मागवला, तक्रारीचा क्रमांक दिला. सहाव्या दिवशी खोकं दारात आलं. सगळं मिळून अकरा मिनिटांचा फोन. मी आमच्या कार्यालयात नव्या मुलांना शिकवायचो तेच तिने केलं : समोरच्याने काय पाहिलंय ते आधी विचार.

पुण्यात माझा धाकटा भाऊ गच्चीवरच्या ठिबकला असलं यंत्र लावायचं म्हणतोय. त्याला चार गोष्टी विचारून घ्यायला सांगितल्या आहेत. इंटरनेट गेलं तर ठरलेली पाळी चालू राहते का? वीज जाऊन आली तर वेळापत्रक टिकतं का? व्हॉल्व्ह त्याच व्होल्टचे आहेत का? आणि बिघडलं तर बदलून देणारा माणूस आपल्या गावात आहे का? चौथ्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर साधा बॅटरीवरचा टायमर घे आणि दोन महिन्यांनी एकदा त्याची वेळ स्वतः बदल, असं मी त्याला बजावलंय.

नवा कंट्रोलर बसवला, वाट्यांचे आकडे पुन्हा भरले. या वेळी ते कागदावरही उतरवले : झोन, तारेचा रंग, ओहम, पंधरा मिनिटांत मिलिमीटर. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कंट्रोलरच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलाय, तळाशी तक्रारीचा क्रमांक. नातीने चौथ्या ओळीसमोर स्वतःच्या हाताने एक शब्द लिहिलाय, मी शिकवलेला. टेल.