घोघ्याच्या चिखलातले दोन खांदे

रमजान सुरू झाला की वर्गातले एखादे पोर हमखास विचारते, "सर, एसटीच्या लांबच्या प्रवासात रोजा सोडला तर चालतो का?" चालतो. प्रवासी आणि आजारी माणसाला कुरआननेच सवलत दिली आहे. राहिलेले रोजे नंतर भरून काढायचे. ज्यांना पुढेही ते जमणार नाही, त्यांनी प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचे. हे सगळ्यांना ठाऊक असते. तरी सवलत घेताना मान खाली जाते. मधुमेह झालेले वडीलधारे तर डॉक्टरांनी बजावूनही ऐकत नाहीत.

अशा वेळी मला इब्ने बतूता आठवतो. त्याची ही गोष्ट रोज्याची नाही, पण तिच्यात याचे उत्तर आहे.

मोरोक्कोचा हा प्रवासी दिल्लीत काझी होता. १३४२ साली मुहम्मद बिन तुघलकाने त्याला वकील म्हणून चीनच्या बादशहाकडे पाठवले. नजराण्यात शंभर घोडे होते. खंबातच्या आखातात मंडळी गलबतांवर चढली. समुद्री चाच्यांच्या भीतीने सोबत पन्नास हबशी लढवय्ये घेतले होते. पिरम बेटावर पाणी भरून दुसऱ्या दिवशी गलबत घोघा बंदरासमोर आले. ओहोटी होती, म्हणून किनाऱ्यापासून चार मैलांवर नांगर टाकला.

या आखातात भरती-ओहोटीच्या पाण्यात दहा मीटरच्या आसपास फरक पडतो. पाणी ओसरले की मैलोगणती चिखल उघडा पडतो. इब्ने बतूताला मात्र गाव पाहायची घाई. साथीदारांना घेऊन तो होडीत बसला आणि गाव मैलभर राहिले असताना होडी चिखलात रुतली. चालत निघावे तर पाय वर निघेना. त्यात बजावले गेले, की गाठण्याआधीच भरतीचे पाणी परत येईल. त्याला तर नीट पोहताही येत नव्हते!

बादशहाचा वकील दोन साथीदारांच्या खांद्यांवर भार टाकून चिखल तुडवत गावात पोहोचला. बाजार पाहिला. हजरत खिजर आणि हजरत इलियास यांच्या नावाच्या मशिदीत त्याने मगरिबची, म्हणजे सूर्यास्तानंतरची नमाज अदा केली. आपण रोजा सोडतो तीच ही वेळ. मग गलबतावर परतला आणि तीन दिवसांनी सिंदाबूरला, म्हणजे गोव्याला लागला.

पुढे मायदेशी परतल्यावर त्याने सफरीचा वृत्तांत सांगून लिहवून घेतला. तो १३५५ साली पूर्ण झाला. घोघ्याची फजिती गाळली असती तर कोणाला कळणार होते? पण पोहता येत नव्हते आणि खांद्यांचा आधार घेतला, हे दोन्ही त्याने सांगितले. त्यामुळे त्याची नमाज उणी ठरली नाही.

आपल्या घरात मात्र गोळी घेणारी आजी दार लोटून दोन घास खाते. शेजारी सहज विचारतात, "आज रोजा नाही वाटतं?" प्रश्न मायेचा असतो, पण तिला तो टोचतो. उद्यापासून हा प्रश्न नको. आजीच्या ताटाशेजारी जाऊन बसावे, दार उघडे ठेवून. सवलत देणाऱ्याला आपली ताकद ठाऊक आहे. खांदा देणे तेवढे आपल्याकडे राहिले आहे.