बोरघाटाचा मक्ता

कर्जतहून खंडाळ्याकडे गाडी चढू लागली की उतारूंचे लक्ष दरीकडे जाते. हा घाट सुरुंगाच्या दारूने फोडला हे सर्वांस ठाऊक असते. परंतु तो एका मक्त्याच्या करारावर उभा राहिला आणि तो करार मध्येच मोडला, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

जी. आय. पी. रेल्वे कंपनीचे मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली यांनी ही सुमारे सोळा मैलांची चढण आखली. चढ १८३१ फुटांचा, बोगदे २५, मोठे पूल ८. मक्ता मिळाला विल्यम फेव्हिएल यांना. १८५३ साली सुरू झालेल्या मुंबई-ठाणे मार्गाच्या कामात त्यांचा हात होता. १८५६ च्या जानेवारीत घाटाचे काम सुरू झाले.

अशा कराराची रीत अशी, की झालेल्या कामाचे माप इंजिनियरने घ्यावयाचे आणि ठरल्या दराने पैसे कंपनीने द्यावयाचे. पैसे हाती येईपर्यंत मजुरी, दारू, अवजारे यांचा खर्च कंत्राटदाराने सोसावयाचा. तो काम पोटकंत्राटदारांना वाटून देई, ते मुकादमांना. आणि पैसा प्रत्येक पायरीवर थोडा अडे. सपाट प्रदेशात हे निभावते. घाटात खडक किती कठीण लागेल, हे दर ठरवितानाच कोणी सांगावे?

१८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजूर खवळले. दंगा झाला आणि त्यात एका युरोपियनाचा बळी गेला. पाटी वाहणाऱ्याचा संबंध मुकादमाशी. वरचे पैसे कोठे अडले, हे त्याने कोणास विचारावे? मार्चमध्ये फेव्हिएल यांनी मक्ता सोडला.

काही महिने कंपनीने काम स्वतःच चालविले. मग सॉलोमन ट्रेडवेल यांच्याशी नवा करार झाला. ते इंग्लंडहून आले आणि थोड्याच दिवसांत निवर्तले. करार मात्र टिकला; त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी तो पुढे चालविला. बाईंनी स्वतः डोंगरात उभे राहून काम करून घेतले, असे लोक हौसेने सांगतात. वस्तुतः त्यांनी अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोघा जाणत्यांवर व्यवस्था सोपविली, आणि शहाणपण त्यातच होते. १८६१ मध्ये मजुरांची संख्या ४२,००० वर पोहोचली. १८६३ मध्ये घाट खुला झाला.

पुढे १८६७ च्या जुलैत याच चढणीवरील महूकी मल्लीचा दगडी पूल कोसळला. खांबाची लांबी, रुंदी, उंची मोजून बिल चुकते करता येते; त्याच्या पोटात चुना कसा भरला आहे, हे मात्र बांधतानाच पाहावे लागते. त्यानंतर कंपनीच्या इतर दगडी पुलांचीही तपासणी करावी लागली.