विश्लेषण : साखर सोडली, मग चहात काय घालायचे?

लातूरचा मांजरा पट्टा म्हणजे ऊस आणि साखर कारखाने. त्याच लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, 55 मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत राज्यभर पोहोचवली. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकार यांचा. नांदेड-लातुरात आता ‘साखर सोडली’ म्हणणारे कोणीतरी प्रत्येक गल्लीत भेटते. त्यात गुळाचा चहा पिणारेही असतात, आणि घोळ इथेच होतो.

गूळ का चालत नाही?

एका कपात दोन चमचे, म्हणजे साधारण 10 ग्रॅम साखर. दिवसाला चार कप झाले की 40 ग्रॅम. कमी कर्बोदकांच्या कडक आहारात दिवसभराची मर्यादाच 50 ग्रॅमच्या आसपास असते. गुळात थोडे लोह आणि खनिजे असतात हे खरे, पण 100 ग्रॅममधले 85 ते 95 ग्रॅम कर्बोदकेच. मध, खजूर, खडीसाखर यांचेही तेच.

मग पर्याय कोणता?

स्टीव्हिया साखरेच्या 200 ते 300 पट गोड. भारतात त्याच्या वापराला 2015 मध्ये परवानगी मिळाली. मात्र पुडीत निव्वळ स्टीव्हिया क्वचितच असतो. वजन भरण्यासाठी डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन घातलेले असते. हे दोन्ही कर्बोदकेच, त्यामुळे पाकिटाची मागची बाजू वाचावी. एरिथ्रिटॉलने साखर जवळपास वाढत नाही. मात्र 2023 मधील एका अभ्यासात रक्तातील त्याचे जास्त प्रमाण आणि हृदयविकार यांचा संबंध दिसला. तेच कारण आहे, हे सिद्ध झालेले नाही. ‘शुगर फ्री’ चॉकलेटांतील माल्टिटॉल मात्र साखर वाढवतो आणि जास्त खाल्ल्यास पोटही बिघडवतो.

अ‍ॅस्पार्टेम उकळत्या चहात टाकू नये, गोडवा जातो. कप खाली उतरवल्यावर घालावे. पुरणपोळीचा प्रश्न तर गोळ्यांनी सुटतच नाही. गूळ काढला तरी हरभरा डाळ आणि कणीक उरतेच.

जागतिक आरोग्य संघटनेने मे 2023 मध्ये वजन कमी करण्यासाठी असे गोड पर्याय वापरू नयेत, असे सुचवले. ही शिफारस आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही. त्याच वर्षी अ‍ॅस्पार्टेमवरून भीती पसरली, पण दिवसाला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे 40 मिलिग्रॅम ही मर्यादा कायम राहिली. 60 किलोच्या माणसासाठी ती 2,400 मिलिग्रॅम होते.

खरा धोका वेगळा आहे. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या सुरू असताना एकदम भात-भाकरी बंद केली, तर रक्तातील साखर धोकादायक खाली जाऊ शकते. औषधाची मात्रा डॉक्टरांकडून आधी बदलून घ्यावी लागते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे दिसली आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. तिथे स्टीव्हियाचा काही उपयोग नाही, म्हणून घरातला साखरेचा डबा पूर्ण रिकामा करू नये.