पोर्तोचं निळं चर्च

पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात, बताल्या चौकापाशी, सांतो इल्देफोन्सोचं चर्च उंचावर उभं आहे. दोन घंटाघरं, ग्रॅनाइटच्या कडा आणि त्यांच्यामधल्या भिंतींवर सुमारे 11,000 निळ्या-पांढऱ्या टाइल्स. खालून पाहणाऱ्याला सगळं एकाच काळातलं वाटतं. पण चर्च 1739 मध्ये पूर्ण झालं आणि टाइल्स लागल्या 1932 मध्ये.

मधल्या काळात या दगडांनी रक्तही पाहिलं. 31 जानेवारी 1891 रोजी राजेशाही उलथवायला निघालेले सैनिक आणि नागरिक चढाच्या रस्त्याने चर्चच्या दिशेने आले, तेव्हा पायऱ्यांवर ठाण मांडलेल्या म्युनिसिपल गार्डने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. उठाव फसला. तो रस्ता आज त्याच तारखेच्या नावाने ओळखला जातो. टाइल्सचे फोटो काढणाऱ्यांनी या पायऱ्यांवरही क्षणभर थांबायला हवं.

टाइल्स जोर्ज कोलासो यांच्या. याच शहरातल्या साओ बेंतो रेल्वे स्थानकाचं भव्य दालन त्यांनी आधीच सजवलं होतं. चर्चवर त्यांनी संत इल्देफोन्सोच्या आयुष्यातले आणि बायबलमधले प्रसंग रंगवले.

अशा टाइल्सना तिथे अझुलेजो म्हणतात. जुनी रीत अशी: मातीची चौकोनी टाइल भाजायची, तिच्यावर कथिलाची पांढरी झिलई चढवायची आणि ती सुकली की कोबाल्टने चित्र काढायचं. कच्ची झिलई रंग लगेच शोषून घेते, त्यामुळे चुकलेली रेघ पुसता येत नाही. कुंचल्यातला काळपट रंग निळा होतो तो दुसऱ्या भाजणीत. चित्र मोठं असलं की एका टाइलवर नुसती झग्याची चुणी येते, दुसरीवर अर्धा पंजा. म्हणून प्रत्येकीच्या पाठीवर खूण करतात. गवंडी त्या खुणांवरून चित्र जुळवतो.

अटलांटिकच्या पावसात ही झिलई भिंतीला ओलीपासूनही जपते. पोर्तोतल्या कितीतरी साध्या घरांच्या दर्शनी भिंतींवर म्हणूनच टाइल्स दिसतात.

जुन्या वास्तूवर मागाहून चढवलेला साज बहुधा उपरा दिसतो. इथे तसं झालं नाही, कारण ग्रॅनाइटची चौकट उघडी राहिली. चित्रं तिच्या आत बसली.

कोलासोंचं काम आपल्यालाही जवळच पाहता येतं. पणजीला, आझाद मैदानालगत, इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात त्यांच्या 1935 च्या टाइल्स आहेत. पोर्तुगीज कवी कामोइंशच्या महाकाव्यातले प्रसंग तिथे भिंतीवर आहेत. गोव्याला गेलात तर किनाऱ्यावरून तासभर वेळ काढा आणि त्या जवळून पाहा.