पिट्यूनिया, लोंबती

(कुल—सोलॅनेसी). बागेत शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या पिट्यूनिया या लहान फुलझाडाचा जमिनीवर पसरणारा अथवा टांगत्या कुंडीतून खाली लोंबणारा प्रकार. वांगे, मिरची, टोमॅटो, तंबाखू व धोत्रा या वनस्पती याच कुलातील आहेत. त्यांच्याशी असलेले नाते फुलाच्या नसराळ्यासारख्या आकारावरून, पानांच्या चिकट लवेवरून, तसेच समाईक रोगांवरूनही ओळखू येते. या वंशातील सुमारे २० जातींचे मूलस्थान दक्षिण अमेरिकेत, मुख्यतः ब्राझील, युरुग्वाय व अर्जेंटिना या देशांत आहे. तेथील तुपी भाषेत तंबाखूला असलेला शब्द फ्रेंचांनी उचलला व त्यावरून फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आंत्वान लॉरां द झ्यूस्यू यांनी १८०३ मध्ये या वंशाला हे नाव दिले. मराठीत याला स्वतंत्र नाव रूढ झालेले नाही.

ही लहान ओषधी मुळात अल्पकाळ जगणारी बहुवर्षायू असली, तरी लागवडीत तिला वर्षायू मानतात. खोड मऊ व प्रपिंडयुक्त केसांनी आच्छादलेले. पाने साधी, अखंड, खाली एकाआड एक व वर फुलोऱ्याच्या भागात बहुधा समोरासमोर. फुले पानांच्या बगलेत एकेकटी येतात. संवर्त पाच दलांचा, पुष्पमुकुट पाच पाकळ्या जुळून झालेला, केसरदले पाच व त्यांपैकी एक बहुधा लहान. फळ (बोंड) तडकून त्यातून अतिशय बारीक, तपकिरी बिया बाहेर पडतात. एका ग्रॅममध्ये सुमारे १०,००० बिया भरतात. लागवडीतील बहुतेक अडचणींचे मूळ बियांच्या या सूक्ष्मपणात आहे.

बागेतील पिट्यूनिया संकरज आहे. पांढऱ्या फुलांची, रात्री सुगंध देणारी व मोठ्या पतंगांकडून (रुईकीटकांकडून) परागित होणारी पि. ॲक्झिलॅरिस आणि जांभळ्या फुलांची, मधमाश्यांकडून परागित होणारी पि. इंटेग्रिफोलिया या दोन जातींचा त्यात मुख्य वाटा आहे. जांभळी जाती १८३१ च्या सुमारास ब्रिटनमध्ये पोहोचली आणि त्यानंतर काही वर्षांतच तेथील बागाईतदारांनी दोहोंचा संकर केला. पुढील शंभर वर्षांत मोठ्या फुलांचे, झालरीच्या कडांचे व दुहेरी पाकळ्यांचे प्रकार निघाले. फुलांचा आकार वाढवण्याच्या या ओढीत रानटी जांभळ्या जातीचा खोड जमिनीलगत लोळवण्याचा गुण मात्र मागे पडला. उभ्या वाढीची, मोठ्या फुलांची झाडे पावसाच्या एका सरीने चिखलात लोळतात आणि त्यांची फुले कागदासारखी चिकटतात, हा अनुभव सर्वत्रच येत असे.

पसरण्याचा गुण पुन्हा बागेत आणण्याचे काम जपानमध्ये झाले. १९८० नंतरच्या दशकात सनटोरी या कंपनीने ‘सर्फिनिया’ ही लोंबत्या झाडांची मालिका तयार केली. तिची अभिवृद्धी छाट कलमांनी करावी लागते. बियांपासून लावता येण्याजोगा पहिला गाजलेला पसरता वाण ‘पर्पल वेव्ह’ हा होय. तो किरिन या जपानी कंपनीच्या संशोधनातून निघाला व १९९५ मध्ये त्याला ‘ऑल अमेरिका सिलेक्शन्स’ हा अमेरिकेतील बागाईत क्षेत्रातील मान मिळाला. त्याची उंची १०—१५ सेंमी. व पसारा ९०—१२० सेंमी. असतो. त्याच मालिकेत नंतर ‘इझी वेव्ह’, ‘शॉक वेव्ह’, ‘टायडल वेव्ह’ इ. गट आले. त्यांपैकी शेवटचा उंच, दाट व कुंपणासारखा वाढणारा आहे. बाजारात लोंबती पिट्यूनिया म्हणून विकली जाणारी ‘कॅलिब्राकोआ’ ही ठेंगणी वनस्पती वेगळ्या वंशातील आहे. पिट्यूनियात गुणसूत्रांची संख्या १४, तर कॅलिब्राकोआत १८ असते.

दिवसाची लांबी : बी विकत घेण्यापूर्वी लक्षात घ्यावयाची आणि बहुधा दुर्लक्षिली जाणारी बाब ही आहे. पिट्यूनिया दीर्घदिनी वनस्पती आहे; दिवस मोठा असता तिला कळ्या लवकर येतात. उभ्या प्रकारांत हा परिणाम फुलण्याची वेळ थोडी पुढेमागे होण्यापुरता असतो. परंतु ‘पर्पल वेव्ह’सारख्या सुरुवातीच्या पसरत्या वाणांना कळी धरण्यासाठी सुमारे १२ ते १३ तासांपेक्षा मोठा दिवस लागतो. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरअखेर दिवस जेमतेम ११ तासांचा असतो व तेरा तासांचा दिवस मे महिन्यात येतो. अशा वाणाचे रोप हिवाळाभर बुडाशी दाट फुटून हिरवेगार राहते आणि फुलण्याची वेळ येते तेव्हा ऊन त्याला सोसवत नाही. खत कमी पडले असे समजून अशा झाडाला आणखी नत्र देण्यात येते व पाने तेवढी वाढतात. ‘इझी वेव्ह’ व ‘शॉक वेव्ह’ या गटांना दहा-साडेदहा तासांचा दिवस पुरतो. म्हणून महाराष्ट्रातील हिवाळी लागवडीस तेच योग्य होत. ज्यांना जुना वाणच हवा असेल, त्यांनी रात्री १० ते २ या वेळात रोपांवर साधा दिवा लावून रात्र खंडित केल्यास कळ्या येतात. रोपवाटिकांत हा उपाय नेहमीचा आहे.

पेरणी : सपाटीच्या प्रदेशात पाऊस ओसरल्यावर, म्हणजे सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बी पेरतात. पेरणीपासून फुले येण्यास १० ते १२ आठवडे लागत असल्याने डिसेंबरच्या उत्तरार्धापासून बहर मिळू लागतो. थंड हवेच्या डोंगराळ भागात पेरणी हिवाळा संपताना करतात.

उथळ पेटीत अथवा कप्प्यांच्या ट्रेमध्ये धुतलेला नारळाच्या काथ्याचा भुसा (कोकोपीट) दोन भाग व बारीक चाळणीने चाळलेले कुजलेले पानखत एक भाग असे मिश्रण भरतात. भुसा धुणे आवश्यक असते, कारण त्यात पोटॅशियम व सोडियम यांचे क्षार असतात. मिश्रण आधी पुरते ओले करून त्यातील जास्तीचे पाणी निथळू द्यावे. सुटे बी असल्यास ते चमचाभर कोरड्या, बारीक वाळूत मिसळून पृष्ठभागावर फोकतात. बी मातीने झाकू नये. ते उगवण्यास उजेडाची मदत होते आणि अर्धा सेंमी. थरही त्याला जड होतो. उजेड जाईल अशी काच किंवा प्लॅस्टिकचा कागद वर ठेवून ओल टिकवतात. मात्र पेटी थेट उन्हात ठेवल्यास काचेखाली उष्णता साठून रोपे उकडून मरतात. पाणी झारीने देऊ नये, पेटी पाण्याच्या परातीत ठेवून खालून शोषू द्यावी. २२—२५° से. तापमानात ५ ते १० दिवसांत उगवण होते. पेटीचे पाय पाण्यात ठेवणे इष्ट, कारण मुंग्या बी ओढून नेतात.

पसरत्या संकरित वाणांचे बी बहुधा मातीचा लेप दिलेल्या गोळीच्या स्वरूपात मिळते. ती गोळी हाताळण्यास सोपी असली, तरी लेप विरघळेपर्यंत ओल मिळणे आवश्यक असते. अर्धवट भिजून पुन्हा वाळलेली गोळी टणक होते व आतील अंकुर कोंडून मरतो. हे बी महाग असते व पाकिटात मोजकेच असते. त्यामुळे एका कप्प्यात एक याप्रमाणे ते पेरून प्रत्येक गोळीवर पाण्याचा एक थेंब सोडणे फायद्याचे ठरते.

उगवल्याबरोबर काच काढावी. पहिले दोन-तीन आठवडे रोप इतके सूक्ष्म राहते, की वाढ थांबली असे वाटते. या काळात अतिओलीमुळे पिथियम व रायझोक्टोनिया या कवकांपासून रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. खेळती हवा, सकाळचे ऊन व दोन पाण्यांमधील अंतर हे त्यावरील मुख्य उपाय होत; कवकनाशकाचा क्रम त्यांच्या नंतर लागतो. दोन-तीन खरी पाने आल्यावर रोपे लहान पिशव्यांत हलवितात व पाच-सहा आठवड्यांनी कायमच्या जागी लावतात.

माती, पाणी व लोह : पिट्यूनियाची पाने पिवळी पडणे ही तिच्या लागवडीतील सर्वांत सामान्य तक्रार आहे. या झाडास किंचित अम्ल (सामू ५·५—६) माध्यम मानवते. सामू याहून बराच वर गेल्यास मातीत लोह असूनही ते विरघळत नाही व मुळांना मिळत नाही. मग कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा, पुढे जवळजवळ पांढरा होतो. नत्राच्या अभावाने येणारा पिवळेपणा जुन्या, खालच्या पानांपासून सुरू होतो. त्यामुळे पिवळेपणा शेंड्याला आहे की बुडाला, हे पाहिले असता दोहोंमधला भेद लगेच कळतो.

दख्खनच्या काळ्या जमिनी चुनखडीयुक्त असून त्यांचा सामू सामान्यतः ७·५ ते ८·५ असतो. तेथील विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यात बायकार्बोनेटांचे प्रमाण बरेच असते. कुंडीत चांगले अम्ल मिश्रण भरले, तरी असे पाणी रोज घातल्याने काही आठवड्यांत त्याचा सामू चढतो; मातीच्या कुंडीच्या अंगावर उमटणारे पांढरे क्षार ही त्याची खूण आहे. कोकणातील जांभ्या दगडाची माती अम्लधर्मी असल्याने तेथे लोहाची अडचण सहसा येत नाही. पण दमट व उबदार हवेमुळे झाडे लवकर कुजतात. देशावरचे हवामान आणि कोकणची माती एकत्र आणणे हेच या फुलझाडाच्या बाबतीत कुंडीचे खरे प्रयोजन म्हणता येईल.

हिराकस (फेरस सल्फेट) चुनखडीच्या मातीत घातल्यास त्यातील लोह लवकरच अविद्राव्य बनते, म्हणून त्याचा उपयोग क्षणिक असतो. त्याऐवजी चिलेटी (कार्बनी रेणूने धरून ठेवलेले) लोह देतात. चिलेटांतही फरक आहे. सर्वांत स्वस्त मिळणारे ईडीटीए-लोह साधारण ६·५ सामूपर्यंतच टिकते. काळ्या मातीत ईडीडीएचए हे महाग चिलेट वापरावे लागते. साठवलेले पावसाचे पाणी मिळत असल्यास कुंड्यांना ते देणे सर्वांत सोपे. ते नसल्यास पाण्यात अल्प सायट्रिक अम्ल मिसळून बायकार्बोनेट कमी करतात.

कुंडी व वाफा : टांगत्या कुंडीसाठी ३० सेंमी. व्यासाच्या भांड्यात तीन रोपे पुरतात. भांड्याला पुरेशी भोके असावीत. कोकोपीट, पानखत व जाडी वाळू किंवा परलाइट यांचे मिश्रण वापरतात. शेतातील काळी माती कुंडीत घालू नये. ती ओली असता हवा कोंडते आणि वाळल्यावर आक्रसून कडेने पाणी सोडून देते. टांगत्या कुंड्या चारही बाजूंनी वारा लागल्याने लवकर सुकतात. मार्चमध्ये त्यांना दिवसातून दोनदा पाणी लागते. वाफे १५ सेंमी. उंच करून रोपे ४५—६० सेंमी. अंतरावर लावतात, सुरुवातीस जागा मोकळी दिसते म्हणून दाट लावण्याचा मोह टाळावा. दिवसातून किमान सहा तास ऊन आवश्यक आहे. सावलीत फांद्या लांबतात, फुले येत नाहीत.

या झाडाची भूक मोठी आहे. कुंडीत विद्राव्य मिश्रखत लिटरला १—२ ग्रॅ. या प्रमाणात दर आठवड्याला देतात. पसरत्या वाणांना शेंडे खुडण्याची फारशी गरज नसते व सुकलेली फुले काढली नाहीत तरी चालते. मात्र फांद्या बुडाशी उघड्या पडू लागल्या, की त्या एक तृतीयांशाने कापून खत-पाणी द्यावे, म्हणजे नवी फूट येते. तापमान ३५° से.च्या वर राहू लागले, की फुले लहान होतात व झाड उतरणीस लागते.

रोग व किडी : मावा, पांढरी माशी, फुलकिडे व कळ्या पोखरणाऱ्या अळ्या यांचा उपद्रव होतो. तंबाखूवरील केवडा रोगाचा व्हायरस पिट्यूनियावर सहज जातो व तो हाताच्या स्पर्शाने पसरतो. तंबाखू वा मशेरी हाताळल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय रोपांना शिवू नये, ही सूचना रोपवाटिकांत काटेकोरपणे पाळली जावी. रोगट रोप उपटून जाळावे. ज्या वाफ्यात आधी वांगी, टोमॅटो वा मिरची होती, तेथे लागवड टाळावी.

बीजोत्पादन : पसरत्या वाणांचे बी पहिल्या पिढीचे संकरित (एफ-१) असते. परागकोश फुटण्यापूर्वी कळीतील केसरदले चिमट्याने काढून दुसऱ्या पालकाचे पराग हाताने लावावे लागतात. या श्रमांमुळे बी महाग पडते. भारतात पंजाब व कर्नाटक या राज्यांत निर्यातीसाठी फुलझाडांच्या बियांची पैदास होते. घरच्या झाडावर धरलेले बी उगवते, परंतु पुढील पिढीत गुण विभक्त होऊन काही रोपे उभी, काही विरळ व निरनिराळ्या रंगांची निघतात. हौशी बागाईतदारास यात गंमत असली, तरी एकसारखा वाफा त्यातून मिळत नाही. छाट कलमांनी वाण जसाच्या तसा राखता येतो; मात्र अनेक वाणांचे हक्क पैदासकारांकडे असल्याने विक्रीसाठी तशी अभिवृद्धी करण्यास परवानगी लागते.

पिट्यूनियात नारिंगी रंग निसर्गतः आढळत नाही. जर्मनीतील संशोधकांनी मक्याचा एक जीन घालून विटकरी रंगाची पिट्यूनिया बनविल्याचे १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले होते. २०१७ मध्ये फिनलंडमध्ये सार्वजनिक जागी लावलेली नारिंगी झाडे तपासली असता त्यांत तोच जीन सापडला. परवानगी नसताना असे वाण जगभर विकले गेले होते, हे त्यामुळे उघडकीस आले आणि यूरोप व अमेरिकेतील विक्रेत्यांना ती झाडे व त्यांचे बी बाजारातून काढून नष्ट करावे लागले.