रंग उन्हात का टिकतो?

देवगाव रंगारी या नावातच रंग आहे. तेव्हा रेणूंच्या कंपनांचा हा विषय आम्ही रंगापासूनच सुरू करतो. निळीत रंगविलेले कापड दिवसभर उन्हात वाळते, तापते, तरी त्याचा रंग सहजी उडत नाही. मग शोषलेला प्रकाश जातो कोठे?

रेणूतील अणूंना जोडणारे बंध ताठ नसतात. ते स्प्रिंगेप्रमाणे सारखे ताणतात नि आखडतात. निळीच्या रेणूने घेतलेली ऊर्जा एका सेकंदाच्या अब्जांशाच्या आत बहुतेक सारी या कंपनांत उतरते आणि शेजारच्या रेणूंत वाटली जाऊन उष्णता बनते. वाटणी त्वरेने झाली तर रंग वाचतो. तिला विलंब लागला तर बंध तुटण्याचा, प्राणवायूशी विक्रिया होण्याचा, म्हणजेच रंग विटण्याचा संभव वाढतो.

ही कंपने डोळ्यांना दिसत नाहीत. ती ओळखण्याची एक उत्तम वाट सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली कलकत्त्यास दाखविली. रेणूवरून विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश आपला रंग किंचित बदलतो, आणि त्या बदलावरून कंपनाची ओळख पटते. पण हा अंश कोटीत एखादा किरणकण इतकाच! १९७४ मध्ये इंग्लंडात साउदॅम्प्टन येथे खडबडीत चांदीवर बसलेल्या रेणूंकडून ही खूण फार ठळक मिळाली. वाढ लक्षावधी पटींची असते, हे पुढे १९७७ मध्ये उमगले. आज याच युक्तीने जुन्या वस्त्रातील मंजिष्ठाचा रंग धाग्याच्या कणावरूनही ओळखता येतो.

परंतु कोण कंप पावतो हे कळले, म्हणजे ऊर्जा कोठे जाते हे कळले असे नव्हे. त्यासाठी लेसरचे दोन अतिसूक्ष्म काळाचे झोत लागतात. पहिला एका बंधाला ऊर्जा देतो. दुसरा क्षणभराने ती कोठवर पोचली ते पाहतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अवरक्त किरणांनी असे प्रयोग होतात. पाण्यात एका बंधाला दिलेली ऊर्जा सेकंदाच्या सुमारे पाच लाख कोटीव्या भागात त्या बंधातून निघून जाते!

हवा तो बंध नेमका तोडावा, ही रसायनज्ञांची जुनी आकांक्षा. ती या वेगापुढेच अडते. पाटाचे पाणी ज्या वाफ्याचे दार फोडले असेल तिकडेच वळते, ऊर्जेचेही तसेच. तिला वळवायचे तर आधी तिचे पाट ठाऊक हवेत. ते जसजसे कळतील, तसतसा न विटणारा रंग शोधणे हे नशिबाचे काम न राहता समजुतीचे होईल.