‘ध्रुव’च्या सान्निध्यात न्यूट्रिनोंची मोजदाद

मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील ‘ध्रुव’ अणुभट्टी १९८५ मध्ये प्रथम कार्यान्वित झाली. तिची औष्णिक क्षमता १०० मेगावॉट आहे. पूर्ण क्षमतेने चालताना तिच्यातून दर सेकंदाला दोनावर एकोणीस शून्ये, इतके प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात. त्यांतील काही सह्याद्रीच्या आरपार पुण्यापर्यंत येतात आणि कोणालाही इजा न करता पुढे जातात.

न्यूट्रिनोंचे इलेक्ट्रॉन, म्युऑन आणि टाऊ असे तीन प्रकार आहेत. प्रवासात ते एका प्रकारातून दुसऱ्यात पालटतात. यामागील मिश्रणाचे प्रमाण तीन कोनांनी मांडले जाते. अणुभट्टीतून केवळ इलेक्ट्रॉन प्रकारचे प्रतिन्यूट्रिनो निघतात आणि तेथील डिटेक्टरही तेवढेच ओळखतो. साहजिकच, वाटेत रूप पालटलेले कण हिशेबात कमी भरतात. या तुटीवरून कोन काढता येतो. चीनमधील दाया बे प्रयोगाने २०१२ मध्ये जवळच्या आणि दूरच्या डिटेक्टरांची तुलना केली. दूरच्या ठिकाणी सुमारे ६ टक्के तूट आढळली आणि तोवर हुलकावणी देणारा तिसरा कोन हाती लागला.

हे कण पकडण्याची युक्ती मोठी चतुर आहे. प्रतिन्यूट्रिनो प्रोटॉनवर आदळला की पॉझिट्रॉन आणि न्यूट्रॉन निर्माण होतात. पॉझिट्रॉनमुळे लगेच प्रकाशाची चमक उठते. न्यूट्रॉन गॅडोलिनियममध्ये शोषला गेल्यावर, काही मायक्रोसेकंदांनी, दुसरी चमक दिसते. ही जोडी हीच प्रतिन्यूट्रिनोची खूण होय.

याच तत्त्वावर ‘ध्रुव’च्या गाभ्यापासून सुमारे १३ मीटरवर ‘इस्मरान’ डिटेक्टरची योजना आखण्यात आली. त्याच्या रचनेत एक मीटर लांबीच्या ९० प्लास्टिक पट्ट्या असून, त्यांवर गॅडोलिनियमचा लेप दिलेले वेष्टन आहे. १६ पट्ट्यांच्या प्रतिकृतीची चाचणी अणुभट्टीच्या दालनातच झाली. गॅमा किरण व न्यूट्रॉनांच्या गर्दीतून खरी जोडी निवडणे हे येथील खडतर काम. त्यासाठी शिसे आणि बोरॉनयुक्त पॉलिथिनचे कवच लागते.

इतक्या कमी अंतरावर तीन प्रकारांच्या मिश्रणाचा परिणाम जवळजवळ शून्य असतो. म्हणूनच येथे अंतरागणिक बदलणारी तूट दिसली, तर ती चौथ्या प्रकाराची चाहूल ठरेल. २०११ मधील नव्या गणितामुळे अशी शंका बळावली होती. फ्रान्समधील स्टीरिओ प्रयोगाने २०२३ मध्ये तिला प्रतिकूल कौल दिला.

तरीही अशा डिटेक्टरांचे महत्त्व उरतेच. युरेनियमऐवजी प्लुटोनियमचे विखंडन वाढले की नोंदल्या जाणाऱ्या प्रतिन्यूट्रिनोंची संख्या घटते. म्हणजेच, अणुभट्टी न उघडता तिच्या पोटात काय शिजते आहे, हे बाहेरून ताडता येते. अण्वस्त्रप्रसारावर नजर ठेवण्यासाठी याहून निःपक्षपाती साक्षीदार मिळणे कठीण.